धाकदपटशा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्षातली थंडी पडली होती. गाव लवकर निजले होते आणि मी मुलांच्या वह्या तपाशीत बसलो होतो. दारावर थाप पडली. उघडून पाहतो तो माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील उभे. त्यांच्या मागे, घोंगडी पांघरून, तो मुलगा. वडिलांच्या हातात पोलीस ठाण्यातून मिळालेला एक कागद होता.

"गुरुजी, एवढं वाचून सांगा. सायबांनी दिलाय खरा, पण काय लिवलंय ते उमगंना."

प्रकरण साधे होते. त्यांची वस्ती गावाबाहेर, शेतात. वस्तीवरून गावात येणारी पायवाट एका बड्या बागायतदाराच्या बांधावरून जात असे. बागायतदाराने ती काटे लावून बंद केली. यांनी तहसील कचेरीत अर्ज टाकला. वाट अडवली तर मामलेदाराकडे दाद मागता येते, हा कायदा १९०६ सालापासून आपल्याकडे आहे. तो त्यांना कोणी तरी सांगितला असावा. अर्ज टाकल्याच्या चौथ्या दिवशी पिठाच्या गिरणीपाशी बागायतदार त्यांना भेटला. चारचौघांदेखत, अगदी शांतपणे, तो म्हणाला, "अर्ज मागं घे. गावात राहायचंय ना तुला?" एवढेच. शिवी नाही, हात उगारणे नाही. यांनी ठाण्यात जाऊन तक्रार लिहून दिली. कागदावर कलम लिहिले होते ५०६.

एका वकील स्नेह्याने आवरताना टाकून दिलेले दंड संहितेचे मराठी पुस्तक माझ्यापाशी होते. ते काढले, धूळ झटकली आणि कलम शोधून मोठ्याने वाचले : फौजदारीपात्र धाकदपटशा.

"धाकदपटशा म्हंजी काय वो, गुरुजी?" मागून मुलाने विचारले. मी काही सांगण्यापूर्वीच तो पुढे म्हणाला, "मारलं तर कुणीच न्हाई. नुसतं इचारलं. इचारणं गुन्हा कसा?"

मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले. "मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, एवढंही शिकवलं नाही का मी तुला?"

तो गप्प झाला. खाली पाहू लागला. वडिलांनीही त्याला कोपराने मागे सारले.

ते दोघे गेल्यावर पुस्तक तसेच उघडे राहिले होते. तो शब्द माझ्याकडे पाहत होता म्हणा ना. ज्याचा अर्थ मुलाने विचारला होता तोच मी त्याला करून दाखविला होता, फक्त त्याचे नाव सांगितले नव्हते. आणखी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली. त्या पावसाळ्यात हा मुलगा शाळेत सतत उशिरा येई आणि मी त्याला दारात उभा करी. पायवाट बंद झाल्यापासून तो ओढ्याकडून, मैलभर वळसा घालून येत होता. का उशीर होतो, हे मी एकदाही विचारले नव्हते. दम मात्र अनेकदा दिला होता.

माझे स्वतःचे रीतसर शिक्षण शालान्त परीक्षेपाशीच थांबले. पुढचे जे काही झाले ते कोशांच्या संगतीत. तेव्हा प्रायश्चित्त म्हणा की हौस म्हणा, मी या शब्दाच्या मागे लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

धाकदपटशा हा जोडशब्द आहे. त्यातला 'धाक' आपल्या घरातला. मोठ्यांचा धाक, वडिलांचा धाक, मास्तरांचा धाक. हिंदीत हाच शब्द रुबाबाच्या, दबदब्याच्या अर्थाने चालतो. आपण त्यात भीती अधिक मिसळली. 'दपटशा' हा दपटणे या क्रियापदाचा. दपटणे म्हणजे दाबून बोलणे, रेटणे. हिंदीतली डाँट-डपट आणि आपले दाटणे-दपटणे ही सख्खी भावंडे दिसतात. दमदाटीतला 'दम' मात्र फारसीतून आलेला, म्हणजे श्वास. दम लागतो तोही तोच आणि दम देतात तोही तोच. दम देणाराचा श्वास चढतो आणि ऐकणाराचा कोंडतो, अशी मी माझ्यापुरती त्याची फोड केली आहे. कोशकारांनी ती मनावर घेऊ नये.

आता गंमत पाहा. भीती घालण्याचे घरगुती शब्द आपले असले, तरी सरकारी शब्द बहुतेक सारे अरबी-फारसीतून आलेले आहेत. ताकीद म्हणजे मुळात जोर देऊन सांगणे. तंबी म्हणजे जागे करणे, भानावर आणणे. जरब म्हणजे प्रहार, ठोका. जुन्या नाण्यांवर टांकसाळीच्या गावाच्या नावाआधी हाच शब्द असे, कारण नाणे ठोकूनच पाडतात. माणसावर जरब बसते आणि नाण्यावरही बसते. दोघांवरही छाप कोणाची, ते मग दुरूनच ओळखू येते. तगादा म्हणजे मागणी. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. परंतु ताकीद काही हटली नाही, ती आजही शाळेच्या सूचना-फलकावर बसली आहे.

आणि ताकीद हा शब्द खरे तर वाईट नव्हे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतले, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले महाराजांचे एक पत्र इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते. त्यात रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, दाणावैरण पुरवून वापरा, रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील, असे बारकाईने बजावले आहे. न ऐकाल तर परिणाम काय, तेही सांगितले आहे. तो दमच आहे. पण कोणाला? ज्यांच्या हातात तलवार होती त्यांना. कोणासाठी? ज्यांच्या हातात नव्हती त्यांच्यासाठी. शिवाय तो कागदावर आहे, खाली मोर्तब आहे. बोलणारा आपले बोलणे नाकारू शकत नाही. गिरणीपाशी बोललेल्या त्या वाक्याशी हे ताडून पाहा म्हणजे फरक कळेल.

सगळेच सरकारी दम असे थोर नव्हते. सारा थकला की कुळाच्या दारात मोहसल येऊन बसे. मोहसल म्हणजे वसुलीसाठी धाडलेला शिपाई. तो मारझोड करीलच असे नाही. तो नुसता बसे. परंतु त्याच्या पोटाचा आणि रोजमुऱ्याचा भार त्याच कुळावर. त्याच्या फेरीबद्दल जे द्यावे लागे त्याला 'मसाला' म्हणत. भीती दाखवायला आलेल्या माणसाला ज्याला भ्यायचे त्यानेच जेवू घालायचे! आमच्या आजीच्या तोंडी, पाहुणा फार दिवस राहिला की, "मोहसल बसलाय नुसता," असे येई. तेव्हा आम्हांला वाटे मोहसल हे कुणा मामांचे आडनाव असावे.

आजीवरून आठवले. धाकाची पहिली शाळा म्हणजे आजी. बागुलबुवा, गोसावी, पिंपळावरचा मुंजा आणि "येऊ दे तुझ्या वडिलांना घरी" हे चौथे. यातले कोणीच कधी आले नाही, वडीलसुद्धा आले ते हसतच. पण बंगालमध्ये अशाच एका अंगाईतला बागुलबुवा कोण, हे मला कळले तेव्हा मी चपापलो. तो आपण आहोत. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४१ पासून दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या. भास्करराम कोल्हटकर त्यांचे सेनापती. १७४४ साली अलिवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून दगा केला. १७५१ च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाख चौथाई नागपूरकरांना मिळाली. आपल्या पाठ्यपुस्तकात हे एवढेच. बंगाली मायलेकरांत मात्र त्या दहा वर्षांची आठवण वेगळी राहिली. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा आपला 'बारगीर', त्याचा तिकडे 'बर्गी' झाला आणि पाळण्यापाशी जाऊन बसला. निजत नाहीस तर बर्गी येईल. आमच्या एका बंगाली शेजारीणबाईंनी हे मला हसत सांगितले होते. मीही हसलो, पण घरी येऊन बराच वेळ हा शब्द मनात घोळत राहिला. आपला पराक्रम दुसऱ्याच्या घरात कोणत्या शब्दाने ओळखला जातो, हे आपण सहसा विचारीत नाही.

आता दुबळ्यांचा धाकदपटशा. हो, तोही असतो. धरणे हा शब्द आज आपण मोर्चाच्या बातमीत वाचतो. त्याची जुनी तऱ्हा निराळी होती. ज्याचे पैसे बुडाले तो ऋणकोच्या दारात उपाशी बसे, आणि तो जेवत नाही तोवर घरातल्यांनीही जेवायचे नाही, असा दंडक. बसणारा ब्राह्मण असला तर ब्रह्महत्येचे भय वेगळेच. ब्रॉटन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत, पगार थकलेल्या फौजेने वरिष्ठांनाच कसे धरणे धरावे, याची वर्णने आहेत. इंग्रजांना हा प्रकार इतका चमत्कारिक वाटला की त्यांच्या दंड संहितेत त्यासाठी वेगळे कलमच आले, ५०८ वे. दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हा गुन्हा, आणि त्याचे पहिले उदाहरण दारात धरणे धरून बसणाऱ्याचे.

ही दंड संहिता मेकॉले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८३७ साली लिहून काढली. ती मंजूर झाली १८६० साली आणि अंमलात आली १ जानेवारी १८६२ रोजी. तिच्यातले ५०३ वे कलम म्हणजे आपला धाकदपटशा. कलम मी त्या रात्रीनंतर अनेकदा वाचले. त्याचा इत्यर्थ असा : माणसाच्या शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला अपाय करण्याची धमकी द्यायची, त्याला भय वाटावे म्हणून; अथवा जे करायला तो कायद्याने बांधलेला नाही ते त्याने करावे, किंवा जे करण्याचा त्याला हक्क आहे ते त्याने सोडावे म्हणून. उदाहरणही दिले आहे. दिवाणी दावा सोडून दे, नाही तर घर जाळीन, असे जो म्हणतो तो गुन्हेगार. शिक्षा साध्या प्रकारात दोन वर्षांपर्यंत. ठार मारण्याची, मोठ्या दुखापतीची किंवा आग लावण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हेच ३५१ वे कलम झाले, आणि धरण्याचे ते जुने ५०८ वे ३५४ वे.

'हक्क आहे ते त्याने सोडावे म्हणून' ही शब्दरचना मला फार नेमकी वाटते. मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यात आहे. गुन्हा विचारण्यात नव्हता. वाटेवरचा हक्क सोडवण्यासाठी विचारण्यात होता.

परंतु कायदा लिहिणाराने दिलेले उदाहरण आणि आपल्याकडची रीत यांत अंतर आहे. 'घर जाळीन' असे स्पष्ट म्हणणारा मनुष्य मला आयुष्यात एकदोनदाच भेटला, आणि ते दोघेही दारूच्या अंमलाखाली होते. माझ्या पहिल्या कादंबरीतला खलनायक पानोपानी ओरडत असे. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले एक वृद्ध वाचक मला म्हणाले, "गुरुजी, तुमचा हा माणूस काही खरा नाही. ज्याच्यापाशी बळ असतं तो आवाज चढवीत नाही." त्यांचे खरे होते. आपल्या भाषेतली भीतीची वाक्ये काढून पाहा. बघून घेईन. जरा जपून जात जा. पोरंबाळं बरी आहेत ना? एकाही वाक्यात वाईट शब्द नाही. शेवटले तर कुशलप्रश्नच. कोण बोलतो, कुठे उभा राहून बोलतो आणि ऐकणाराच्या घरी जोंधळा किती आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

कर्जाच्या कागदाचेही असेच. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची केली. हेतू शेतकऱ्याच्या संरक्षणाचा, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याजासकट नवा कागद करून घेऊ लागला. "नवा कागद कर, नाही तर कोर्टात जातो." सही म्हणून नांगराची निशाणी काढणाऱ्या माणसाला कोर्ट म्हणजे मुंजाच. अखेर १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी लोक उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ते लोण पसरले. नंतरच्या चौकशीत एक गोष्ट आढळून आली ती मोठी बोलकी आहे. बहुतेक ठिकाणी जमावाला हवे होते ते कागद. सावकाराने रोखे मुकाट्याने काढून दिले तर ते जाळून लोक घरी जात. नाकारले तरच हात उचलला जाई. म्हणजे हाही धाकदपटशाच. साडेनऊशेच्या वर माणसे पकडली गेली. पण १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, तो या उठावामुळे. मी या लोकांची बाजू घेतो काय? घेतो. मात्र तो धाकदपटशा नव्हता, असे म्हणणार नाही.

या दंग्यांच्या आधी शिरूर तालुक्यातल्या करडे वगैरे गावांनी आणखी एक हत्यार काढले होते : सावकारांची कामे कोणी करायची नाहीत. न्हावी नाही, पाणक्या नाही. गाव एक होऊन बलिष्ठाविरुद्ध उभे राहिले की हे हत्यार मोठे गोंडस दिसते. तेच दुबळ्यावर उलटले म्हणजे काय होते, ते १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने नोंदवून ठेवले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या समितीचे सभासद होते. अस्पृश्य मानलेल्या माणसाने सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, चांगला कपडा घातला, जमीन विकत घेतली, नवरदेवाला घोड्यावर बसवून वरात काढली, की सारे गाव त्याच्यावर बहिष्कार टाकी. कसायची जमीन काढून घ्यायची, मजुरी बंद, वाण्याने मीठमिरची द्यायची नाही, आणि शेतातून जाण्या-येण्याची वाट बंद. वाट बंद! हे वाचले आणि माझ्या डोळ्यांपुढे ते बांधावरचे काटे आले.

'गावात राहायचंय ना तुला?' या वाक्याच्या पाठीमागे हे सगळे उभे असते. बोलणाराला ते उच्चारावे लागत नाही. ऐकणाराच्या आज्यापणज्याने ते भोगलेले असते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा वेगळा कायदा केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करावा लागला, यावरून हे वाक्य किती चालते नाणे आहे ते समजावे.

हे सगळे मी त्या मुलाला एकदम सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात बोलावून, "काल मी तुला उगाच दटावलं, प्रश्न बरोबर होता तुझा," एवढे म्हणालो. शिक्षकाला हे म्हणणे किती जड जाते, ते शिक्षकच जाणोत. तो लाजून हसला. मग जमेल तसे, चारपाच दिवस, मोहसल आणि धरणे आणि सुप्याची हकीकत सगळ्या वर्गाला सांगितली. मोहसलाला जेवू घालण्यावर मुले खूप हसली.

पुढच्या चाचणीत 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नात मी धाकदपटशा हा शब्द घातला. बहुतेकांनी लिहिले, पोलिसांनी चोराला धाकदपटशा दाखवला. एकीने लिहिले, आई भावाला धाकदपटशा दाखवते पण तो ऐकत नाही. या मुलाने लिहिले होते : गावात राहायचंय ना तुला?

शब्द वाक्यात नव्हता. नियमाने गुण देता येत नव्हते. मी दोनपैकी दोन दिले. मुख्याध्यापकांनी पेपर पाहताना बोट ठेवून विचारले तेव्हा, माझी नजरचूक झाली, असे सांगितले. खरे कारण सांगायला हवे होते. तेही माझ्याने झाले नाही.

तक्रारीचे पुढे काही झाले नाही. त्या कलमाचा साधा प्रकार अदखलपात्र. न्यायाधीशाच्या हुकुमावाचून पोलीस पुढे सरकत नाहीत, आणि तो हुकूम मिळवायला तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. दोन खेपांनंतर वडील म्हणाले, "राहू द्या, गुरुजी. गावात राहायचंय." तेच वाक्य, फक्त प्रश्नचिन्ह गळलेले. तहसिलातला अर्जही त्यांनी मागे घेतला.

मुलगा आता चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. दर दिवाळीला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन माझ्याकडे येतो. वस्तीवरून येतो तो ओढ्याकडूनच. त्या दिवसांत ओढ्याला अजून पाणी असते. ओसरीवर बसून आधी तो दुमडलेल्या विजारीचे पाय खाली सोडतो, आणि मग डबा पुढे करतो.